लाळ-परीक्षण आणि दंतक्षयाचे पूर्वानुमान : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : शिरूर तालुका, जि. पुणे)

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे इतिहासाला परिचित आहे. याच तालुक्यातील, घोड नदीकाठच्या इनामगावने दातांच्या इतिहासालाही साधने पुरविली आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत (इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००) उजेडात आली. तेथील सांगाड्यांचा व दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. आहार, कुपोषण व कीड यांच्या खुणा दात सहस्रके जपून ठेवतो. परंतु ही साक्ष घटना घडून गेल्यानंतरची असते. दात किडण्यापूर्वीच धोका ओळखता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात लाळेत शोधले गेले. त्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लाळ-परीक्षणाची वाटचाल

तोंडातील जंतू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दंतवल्क विरघळविते, ही उपपत्ती बर्लिन येथे कार्यरत असलेल्या विलोबी मिलर यांनी १८९० च्या ग्रंथात मांडली. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा केला. मात्र त्याकडे पुढे अनेक वर्षे दुर्लक्ष झाले. त्या काळी भर लॅक्टोबॅसिलसवर होता. लाळेतील त्याची संख्या मोजण्याची पद्धत हॅडली यांनी १९३३ मध्ये दिली. १९४० च्या सुमारास स्नायडर यांनी जंतू मोजण्याऐवजी आम्लनिर्मितीच पारखली : लाळ मिसळलेल्या माध्यमाचा हिरवा रंग जितक्या लवकर पिवळा होई, तितका धोका अधिक मानला जाई.

१९६० मध्ये कीज व फिट्झजेराल्ड यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी दंतक्षय संक्रमणशील असल्याचे दाखविले आणि म्यूटन्सला पुन्हा महत्त्व आले. १९८९ मध्ये येनसेन व ब्राटहाल यांनी म्यूटन्ससाठी सुलभ पट्टी-चाचणी वर्णिली. ती दवाखान्यातही करता येई. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांहून अधिक म्यूटन्स आढळणे हे सामान्यतः अधिक धोक्याचे लक्षण मानले गेले.

मर्यादा

तथापि जंतुसंख्या आणि कीड यांचे नाते सरळ नाही. जंतू विपुल असूनही काहींचे दात निरोगी राहतात. साखर खाण्याची वारंवारता, लाळेचा प्रवाह व फ्लोराइड हे घटकही निर्णायक ठरतात. ब्राटहाल यांनीच पुढे ‘कॅरिओग्राम’ या संगणकीय पद्धतीत जंतूंना अनेक घटकांपैकी एक असे स्थान दिले. भावी दंतक्षयाचा सर्वांत विश्वसनीय एकेरी निर्देशक आजही पूर्वीची कीड हाच मानला जातो; म्हणजे इनामगावच्या दातांत संशोधक वाचतात तीच नोंद.

मात्र ज्या बालकाला अद्याप कीड लागलेलीच नाही, त्याच्याबाबत ही नोंद निरुपयोगी ठरते. येथे लाळ-परीक्षणाचे खरे प्रयोजन दिसते. मातेच्या तोंडातील म्यूटन्स कमी केल्यास बाळाच्या तोंडात तो उशिरा प्रस्थापित होतो, असे स्वीडनमधील कोलर व सहकाऱ्यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासांत दिसून आले.

निष्कर्ष

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातील शालेय तपासणीत प्रथम किडलेले दात मोजावेत व गोड खाण्याची वारंवारता विचारावी. गूळही मुख्यतः सुक्रोजच असल्याने तो निर्धोक समजू नये. खर्चिक लाळ-परीक्षण सरसकट न करता गरोदर माता व लहान बालके यांच्यापुरते राखावे. लाळ जंतूंची वार्ता देते. त्या जंतूंना खाद्य कोण व किती वेळा पुरविते, हे मात्र घरात आणि समाजातच शोधावे लागते.