नाथवाडा, पैठण

नाथवाडा : संत एकनाथांचे (सु. १५३३–१५९९) राहते घर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण या तालुक्याच्या गावी, गोदावरीच्या उत्तर तीरावरील जुन्या वस्तीत. छत्रपती संभाजीनगर शहरापासून दक्षिणेस सु. ५० किमी. ‘गावातील नाथमंदिर’ या नावाने तो ओळखला जातो. नदीकाठचे समाधिमंदिर ते ‘बाहेरील नाथमंदिर’. नवखा भाविक पुष्कळदा समाधीचे दर्शन घेऊन परततो आणि वाडा पाहायचा राहून जातो.

घराणे : एकनाथांचे पणजोबा भानुदास हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरपुरास परत आणली, अशी परंपरा आहे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने एकनाथांना आजोबा चक्रपाणींनी वाढवले. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींपाशी अध्ययन आणि पुढे तीर्थयात्रा आटोपून ते पैठणला आले, गिरिजाबाईंशी विवाह करून संसाराला लागले आणि याच गावी अखेरपर्यंत राहिले. मुलगा हरिपंडित, कवी मुक्तेश्वर हा मुलीचा मुलगा. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पैठणला सुरू होऊन १५७३ मध्ये काशीला पुरी झाली. ज्ञानेश्वरीचे पाठशोधन १५८४ मधले. ‘भावार्थरामायण’ अपुरे राहिले, ते शिष्य गावबा याने पूर्ण केले.

नाथांच्या चरित्रातले कित्येक प्रसंग घरातच घडतात. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारी आलेल्या अस्पृश्यांना वाढला, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः जेवायला उतरले, ही कथा सर्वश्रुत आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी सोळाव्या शतकातल्या पैठणसारख्या धर्मपीठात एका ब्राह्मणाच्या पंक्तीला कोण बसले, याची आठवण लोकांनी जपली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वास्तू व वस्तू : वाड्याचे आता मंदिर झाले असून येथे नाथांच्या नित्यपूजेतील विजयी पांडुरंगाची मूर्ती आहे. भाविकांचे पाय थबकतात ते मात्र रांजणापाशी. श्रीकृष्णाने श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षे नाथांच्या घरी पाणी भरले, गंध उगाळले, अशी श्रद्धा; हा रांजण आणि गंधाची सहाण त्याच्याशी जोडली जातात. दोन्ही वस्तू मुळात साध्या घरगुती, कुठल्याही जुन्या वाड्यात सापडाव्यात अशा.

दरवर्षी फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, रांजणाची पूजा होते आणि पाणी भरायला सुरुवात होते. येणारा-जाणारा भाविक घागर रिती करतो. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देवच पाणी घालून गेला असे मानून त्याचा सन्मान करतात.

जतन : पैठणच्या मातीत सापडलेली सातवाहनकालीन मृण्मये, मणी, नाणी पाहायची तर बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय आहे. तिथल्या वस्तूंचा मूळ वापर केव्हाच संपला, म्हणून त्या काचेआड ठेवाव्या लागतात. नाथवाड्यात वस्तू टिकल्या त्या वापरामुळे. पूजाअर्चा आणि उत्सवातले मान नाथवंशजांकडे चालत आले आहेत. या वापराची दुसरी बाजू अशी, की नांदत्या देवघरात दुरुस्ती आणि रंगरंगोटी अटळ असते. त्यामुळे नाथांच्या काळातले घर जसेच्या तसे पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

उत्सव : फाल्गुन वद्य षष्ठी ही नाथांची पुण्यतिथी. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींचे निर्वाणही याच तिथीला झाल्याचे मानतात, म्हणून तिला पंचपर्वा म्हणतात. नाथषष्ठीच्या यात्रेला राज्यभरातून दिंड्या येतात. अष्टमीला काल्याने सांगता होते. आषाढीसाठी नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून पंढरपूरकडे निघते.

भेट : छत्रपती संभाजीनगरहून बिडकीन, ढोरकीनमार्गे एसटी बस मिळते. जुन्या गावातले रस्ते अरुंद असल्याने वाड्यापर्यंत पायी जाणे सोयीचे. निवांत पाहायचे असेल तर यात्रेचे आणि एकादशीचे दिवस टाळावेत. रांजण भरताना पाहायचा असेल तर बीज ते षष्ठी या दिवसांतच जावे आणि गर्दीची तयारी ठेवावी. समाधिमंदिर, जायकवाडी धरणाचा नाथसागर आणि पैठणीचे माग एकाच दिवसात पाहून होतात.