अराता इझुमीचा पासपोर्ट

मागच्या वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादानं एक फोटो टाकला. त्याचा जुना, निळा भारतीय पासपोर्ट. कोपरा कापलेला, आत 'रद्द' झाल्याचा शिक्का. खाली त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. आत्यानं 'अभिनंदन' लिहून तीन फुगे टाकले. बाबांनी अंगठा दाखवला. मोठे काका, म्हणजे दादाचे वडील, रोज सकाळी सहाला गजानन महाराजांचा फोटो न चुकता पाठवतात. ते दोन दिवस गप्प होते.

मला तो फोटो बघून एक फुटबॉलपटू आठवला. दादानंच दाखवलेला.

२०१३ चा एप्रिल होता. माझी दहावीची परीक्षा संपली होती आणि अकोल्यात ऊन असं होतं की दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. मी महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला दादाकडे गेलो. दादा तेव्हा हिंजवडीत नोकरीला होता. एका संध्याकाळी तो मला बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणे एफसीची मॅच बघायला घेऊन गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलचं खरं मैदान बघत होतो. आमच्या शाळेत फुटबॉल होता, पण तो पीटीच्या सरांच्या कपाटात असायचा, हवा नसलेला. समोरचा संघ कोणता होता हे आठवत नाही. आठवतो तो पुण्याचा एक सडपातळ खेळाडू, जो चेंडू पायात नसतानाही सतत कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेकडे पळत होता.

"थो जपानी हाये का?" मी विचारलं.

"होता बे. आता आपला झाला. तिकडचा पासपोर्ट सोडला त्यानं."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? इंडियाकडून खेळाले."

मी म्हणालो, पागल हाये का थो? दादा खूप हसला.

त्या खेळाडूचं नाव अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानच्या यामागुची प्रांतातलं शिमोनोसेकी हे बंदराचं गाव. फुगू नावाचा विषारी मासा तिथला प्रसिद्ध. तो कापायला तिकडे लायसन लागतं. आई जपानी, वडील गुजराती. भारतीय कागदांवरचं त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. म्हणजे एकाच माणसाच्या एका नावात 'अराता', ज्याचा अर्थ नवा, आणि दुसऱ्या नावात हलाहल पचवणारा शंकर.

इथे जरा थांबून एक कायद्याची गोष्ट सांगतो. इझुमी जन्मला तेव्हा जपानच्या कायद्यानुसार मुलाला नागरिकत्व वडिलांकडून मिळायचं. आई जपानी आणि वडील परदेशी असतील, तर आईकडून ते देण्याची सोय १ जानेवारी १९८५ पासून झाली. म्हणजे बाळ जपानी की नाही हा प्रश्न त्याच्या पिढीतल्या अशा घरांमध्ये पाळण्यापासूनच असायचा. पासपोर्ट ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात पडलेली असते. काही घरांत ती जेवणाच्या ताटाशी येऊन बसते.

इझुमीची गोष्ट विचित्र का वाटते हे कळायला जपान आणि भारत यांचा फुटबॉल शेजारी ठेवून बघावा लागतो. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारतानं जपानला २-० हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. त्या काळात आशियात आपण मोठे होतो, हे आज कुणाला सांगितलं तर तो गूगल करतो. मग सहा वर्षांत, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, जपाननं कांस्य घेतलं. त्यांचा स्ट्रायकर कुनिशिगे कामामोतो ७ गोल करून त्या स्पर्धेत सगळ्यांत पुढे होता. १९९३ ला त्यांची जे-लीग सुरू झाली, १९९८ ला ते पहिल्यांदा वर्ल्डकप खेळले, २००२ ला त्यांनी तो कोरियाबरोबर घरी भरवला. आपण या सगळ्या काळात काय करत होतो हे वेगळं सांगायची गरज नाही. २००६ साली जपाननं आपल्याला फेब्रुवारीत योकोहामात ६-० आणि ऑक्टोबरमध्ये बंगळूरमध्ये ३-० हरवलं.

आणि त्याच २००६ साली अराता इझुमी कोलकात्याला ईस्ट बंगालकडून खेळायला आला.

जपानी फुटबॉलमध्ये तो काही मोठं नाव नव्हता, हेही स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर आपण त्याला उगाच त्यागमूर्ती करून ठेवू. जे-लीगचं दार त्याच्यासाठी उघडलं नव्हतं. भारतात येण्याआधी तो सिंगापूरच्या लीगमध्ये आल्बिरेक्स निईगाताच्या संघात होता. हा एका जपानी क्लबचा सिंगापुरातला संघ, जिथे जपानी पोरं खेळायला पाठवली जातात. त्यानंतर कोलकाता, मग २००७ ला मुंबईची महिंद्रा युनायटेड, आणि २००९ ला पुणे. कागदावर तो मिडफिल्डर, पण खेळायचा पुढे, स्ट्रायकरच्या मागच्या पट्ट्यात, नाहीतर कडेनं आत घुसत. गोल करायचा आणि गोलची जागा बनवायचा. तेव्हाच्या आपल्या लीगमध्ये आफ्रिकन धिप्पाड स्ट्रायकरकडे उंच चेंडू टाकायचा आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, असा बऱ्याच क्लबांचा खाक्या होता. त्यात हा माणूस जमिनीवरून, दोन टचमध्ये खेळायचा.

पुणे एफसी हा क्लब २००७ चा. २००९-१० ला आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तो तिसरा आला, २०१२-१३ ला दुसरा. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स तेवढा पुढे राहिला. फुटबॉल म्हणजे गोवा, बंगाल आणि केरळ असं मानणाऱ्या देशात पुण्याचा संघ दुसरा, ही आपल्या मराठी पेपरांनी पहिल्या पानावर न घेतलेली बातमी.

आता पासपोर्ट. २००८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना देशाकडून खेळता येणार नाही. त्याआधी टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकन पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस कप खेळला होता. ते बंद झालं. स्क्वॉशपटू कर्म कुमार याच्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेला, पण २०१० मध्ये कोर्टानं सरकारचं धोरण योग्य ठरवलं. न्यूकॅसलकडून खेळलेल्या मायकेल चोप्रानं भारताकडून खेळायची इच्छा बोलून दाखवली होती, पण ब्रिटिश पासपोर्टपाशी ती अडली. आपली राज्यघटना दोन नागरिकत्वं मानत नाही. जपानचा कायदाही तसाच: स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानी नागरिकत्व गेलं. थोडक्यात, इझुमीपुढे 'दोन्ही ठेवतो' असा पर्यायच नव्हता. कोडच्या भाषेत सांगायचं तर इथे 'आणि' नाही, फक्त 'किंवा'.

२०१२ मध्ये तो भारतीय नागरिक झाला.

परराष्ट्र खात्यानं संसदेत दिलेला एक आकडा आहे: त्याच २०१२ साली १,२०,९२३ भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं. हा आकडा मी दोनदा वाचला. एक लाख वीस हजार माणसं दारातून बाहेर पडतायत आणि एक जण, पायात स्टड घालून, उलट्या दिशेनं आत शिरतोय. २०२२ ला बाहेर पडणारे २,२५,६२० झाले. त्यांच्यात आमचा दादा नव्हता, तो नंतरच्या आकड्यात आहे.

यात इझुमीचा काही फायदा नव्हता असं नाही. आय-लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असायची. तो भारतीय झाल्यावर परदेशी कोट्यातून बाहेर आला, म्हणजे पुण्याला आणखी एक परदेशी घेता आला आणि स्वतः इझुमीची किंमत वाढली. २०१५ मध्ये आयएसएलनं भारताच्या दहा निवडक खेळाडूंचा लिलाव केला. सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना गेला, आणि अराता इझुमी ६८ लाखांना ॲटलेटिको दी कोलकाताकडे. दहा भारतीयांच्या यादीत त्याचं नाव होतं. मला या हिशेबाचं वावगं वाटत नाही. दादानं ग्रीन कार्डची रांग, पगार, मुलीची शाळा असा सगळा एक्सेल मांडून निर्णय घेतला. मग इझुमीनं हिशेब केला असेल तर त्याचंच काय बिघडलं? फक्त त्याच्या एक्सेलमध्ये एक रकाना असा होता जो आमच्या कुणाच्या शीटमध्ये नव्हता: निळी जर्सी.

ती त्यानं पहिल्यांदा ६ फेब्रुवारी २०१३ ला घातली. कोचीत, पॅलेस्टाईनविरुद्ध. भारत ४-२ असा हरला. त्याच वर्षी काठमांडूत साफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्ताननं भारताला २-० हरवलं. देशाकडून त्याला मोजकेच सामने मिळाले. तिशी ओलांडताना आलेला माणूस, दीडशेच्या पलीकडचं रँकिंग असलेला संघ. जपान २०११ ला आशियाचा विजेता होता. त्याच स्पर्धेत आपण तीनही सामने हरून परतलो होतो. तो जपानच्या पासपोर्टवर कधीच जपानकडून खेळला नसता, हे खरं. पण तो पासपोर्ट घेऊन निवृत्तीनंतर जगात कुठेही गेला असता, हेही खरं.

मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. ज्या क्लबांसाठी तो महाराष्ट्रात खेळला, ते सगळे बंद पडले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीनं गुंडाळली. पुणे एफसी २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसली नाही. २०१६ ला तो आयएसएलच्या एफसी पुणे सिटीकडून पुन्हा बालेवाडीतच खेळला. २०१९ ला तोही क्लब संपला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. मी नोकरीसाठी पुण्यात आलो ते त्याच वर्षी. ऑफिसला जाताना हायवेवरून बालेवाडीचं स्टेडियम दिसतं. माझ्या टीममधल्या कुणाला पुणे एफसी माहीत नाही. एकानं विचारलं, "ते फिफा गेममध्ये होतं का?"

आमच्या वऱ्हाडातलं एक उदाहरण मला सारखं आठवतं. मी इंजिनिअरिंग बडनेऱ्याला केलं. तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावरून कितीतरी वेळा गेलो असेन. १९१४ ची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. कबड्डी त्यातली एक. ती पोरं बर्लिनला गेली तेव्हा स्वतंत्र भारताचा पासपोर्ट अस्तित्वातच नव्हता. त्यांचे कागद ब्रिटिश राजाच्या प्रजेचे. जर्सीवर देश लिहिलेला नसताना खेळायला गेलेली माणसं आणि देश लिहिलेली जर्सी मिळावी म्हणून घरचा देश सोडलेला माणूस. पण अमरावतीचं ते मंडळ आजही चालू आहे. बालेवाडीचे क्लब दहा-बारा वर्षांत येऊन गेले. संस्था टिकवणं आपल्याला जमत नाही असं सरसकट म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही. कंपनीच्या बजेटवर चाललेला क्लब टिकत नाही एवढंच म्हणता येतं.

इझुमी २०१७-१८ ला केरळा ब्लास्टर्सकडून खेळला आणि मग प्रशिक्षणाकडे वळला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या पोरांना त्यानं शिकवलं. खेळणं संपल्यावर तो जपानला परतला नाही, यात मला त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा जास्त रस आहे. आणि त्याच्यानंतर त्या दारातून आत यायला दुसऱ्या फुटबॉलपटूला १३ वर्षं लागली: बंगळूरूचा रायन विल्यम्स, जन्मानं ऑस्ट्रेलियन, नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय झाला.

दादा दिवाळीत आला, ओसीआय कार्ड घेऊन. आमचं शेत बार्शीटाकळीच्या बाजूला आहे, कापूस आणि सोयाबीन. धुऱ्याला लागून असलेलं तीन एकर विकायला निघालं होतं. दादाच्या मनात ते घ्यायचं होतं, पैसेही होते. काका त्याला घेऊन अकोल्याला वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ठेवता येते.

परतीच्या वाटेवर काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे इकत घेता येत नाही. पन मी मेलो का माही जमीन तुले भेटते."

"बाबा, असं काऊन बोलता?"

"मी नाही बोलत, कायदा बोलते."

संध्याकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो होतो. शेजारच्या तीन एकरात कापूस फुटलेला होता. दादानं अचानक विचारलं, "आपन बालेवाडीले पायलेला थो जपानी आठवते का? काय करते आता?"

"नव्या मुंबईत होता. पोरायले शिकवत होता."

"पागल हाये थो," दादा म्हणाला. यावेळी तो हसला नाही.