मोटेपासून डिझेलपर्यंत

तिगाव सोडल्यावर आगगाडी चिचोंड्याचा घाट चढू लागते. तेथवर पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख पसरलेला आहे. संत्रा व कापूस ही येथील पिके; धानाच्या बांध्या पाहावयाच्या तर पूर्वेस भंडारा-गोंदियाकडे जावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. पुढे मध्ये सीमा पडली. शेतीच्या खर्चाची तऱ्हा मात्र दोहींकडे एकाच वाटेने बदलत गेली.

पूर्वी विहिरीवर मोट चाले. मोटेचे जळण म्हणजे बैलांचा कडबा, आणि तो शेतातच पिके. धानपट्ट्यात तर तेवढाही खर्च नव्हता. कोहळी मंडळींनी बांधलेल्या नवेगाव बांधासारख्या तलावांचे पाणी आपल्या उतारानेच बांधीत येई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ उपसण्याची गावची शिस्त ढिली पडली. तलाव उथळ होत गेले तसा शेतकरी इंजिनाकडे वळला.

इंजिनाने कष्ट हलके केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोट हाकणाऱ्या गड्याच्या पाठीलाच ते विचारावे! पण शेतीच्या वहीत रोख तेलाचा नवा रकाना उघडला. कडबा सरला तर शेजाऱ्याकडून उसना मिळे. तेल उसने कोण देणार?

या रकान्याचे खरे स्वरूप १९७३ साली उघड झाले. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपास सुमारे ३ डॉलर असलेला खनिज तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरांच्या वर गेला. खतही तेलाचेच अपत्य. त्या काळी पुष्कळसा युरिया नॅफ्थ्यापासून बने. जून १९७४ मध्ये युरियाचा भाव टनास १,०५० रुपयांवरून २,००० रुपये झाला. घाव एक, पण तो दोन ठिकाणी बसला.

अशा वेळी धानकरी काटकसर करणार कोठे? निसवणीच्या वेळी पाण्याची पाळी चुकली तर लोंब पोचट राहते. म्हणून तेल आधी. मग खताची मात्रा घटते, निंदणाचे मजूर कमी होतात, शेवटी घरातले कापडचोपड पुढच्या हंगामावर जाते. ज्याच्याकडे इंजिन नाही तोही सुटत नाही. चिखलणीच्या ट्रॅक्टरचे भाडे डिझेलबरोबरच चढते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील भावनियंत्रण उठले. २०२१ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात ते लिटरला १०० रुपयांपलीकडे गेले. त्या वर्षी साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला १,९४० रुपये होता, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ७२ रुपयांनी अधिक. डीएपी खताची गोणी १,२०० रुपयांवर राहावी म्हणून सरकारने अनुदान वाढविले. डिझेलला असा आडोसा मिळाला नाही. नोव्हेंबरात केंद्राने त्यावरील अबकारी कर लिटरमागे १० रुपयांनी उतरविला. तोवर खरिपाच्या पाण्याच्या पाळ्या संपून धान कापणीस आले होते.