इमोबिलायझर : जुन्या मोटारींतील बिघाड व दुरुस्ती

किल्लीची सांकेतिक ओळख पटल्याशिवाय मोटारीचे इंजिन चालू न होऊ देणारी चोरीप्रतिबंधक यंत्रणा. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्या पिढीच्या गाड्यांत आता इंजिन ठणठणीत असूनही या यंत्रणेच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलपायी गाडी अडून बसते.

किल्लीतील ट्रान्सपॉन्डर चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरींवर, तिला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत पाठवते. तो जुळला नाही तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत ते एक-दोन सेकंद चालून बंद पडते.

दोष पुष्कळदा किरकोळ असतो : तुटलेली वेटोळ्याची तार, गंजलेला कनेक्टर किंवा तडकलेला सोल्डर. भिंगातून पाहता पिनेभोवती बारीक काळसर कडे दिसले, तर तो जोड पुन्हा सोल्डर करावा. मॉड्यूल बदलणे त्याहून बिकट. भंगारातले तसेच मॉड्यूल नुसते बसवून सहसा भागत नाही. जुन्या मॉड्यूलच्या ईईप्रॉम या स्मृतिचिपमधील नोंदी त्यात उतरवाव्या लागतात, अथवा किल्ली, मॉड्यूल व इंजिन-नियंत्रक हा संच एकाच गाडीचा घ्यावा लागतो. १९९०च्या दशकातील अनेक फियाट गाड्यांत नवी किल्ली नोंदवण्यासाठी लाल मास्टर किल्ली लागते. अशी गाडी विकत घेताना ती किल्ली आधी मागून घ्यावी.