मटका आणि बेभरवशाचे बक्षीस

मटका म्हणजे न्यूयॉर्कहून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या भावांवरील सट्ट्यातून उपजलेला आकड्यांचा जुगार. १९६०च्या दशकात कल्याणजी भगत, रतन खत्री या मटकेवाल्यांच्या काळात तो फोफावला. तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरतात : ५, ३, ६ आले तर चौदा, म्हणजे चौका. असा आधी निघणारा अंक ओपन, नंतर निघणारा क्लोज. दोन्ही मिळून जोडी. ४६ लावणाऱ्याला ओपनला चौका लागून क्लोजला पंजा निघाला, तर पैसे पूर्ण बुडतात. पण ‘थोडक्यात हुकलं’ म्हणत तो पुन्हा आकडा लावतो. मानसशास्त्रज्ञ फर्स्टर व स्किनर यांनी १९५७मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या कबुतरांवरील प्रयोगांत बेभरवशाच्या बक्षिसाची अशीच ओढ दिसते. दाणा कितव्या टोचीला मिळेल याचा नेम नसला, की कबुतर टोचतच राहते; दाणे बंद झाल्यावरही ही सवय चिवटपणे टिकते. म्हणून खेळणाऱ्याला नुसते मूर्ख वा लोभी ठरवणे अन्यायाचे आहे.