पान्ह्याचा माग

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेताना गिऱ्हाईक हमखास विचारते, ‘पान्हा घालती का?’ रेडकू ढुशी देते, कास भरते, दूध उतरते. हे कसे घडते, याचा शोध मी घेत गेलो.

१९०६ साली हेन्री डेल यांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावताना दिसले. १९१०मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तसल्याच अर्काने शेळीचे दूध उतरवले. १९४१मध्ये फर्ग्युसन यांनी सशांवर दाखवले, की प्रसूतिमार्ग ताणला की मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि पीयूषिका गर्भाशयाला कळा आणते. कळ आणि पान्हा यांमागचे द्रव्य एकच, ऑक्सिटोसिन. १९५३मध्ये द्यु विन्यो यांनी ते नऊ अमिनो आम्लांतून प्रयोगशाळेत घडवले.

हे नाते काही गवळी आधीच ओळखून होते. गाईच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध काढण्याची ‘फुका’ ही क्रूर रीत त्यावरच चाले. १९६०च्या कायद्याच्या १२व्या कलमानुसार ती गुन्हा आहे.

आज फुक्याच्या जागी सुई आली आहे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे तेच औषध गोठ्यात चोरून टोचले जाते. रेडकाच्या ढुशीचे काम सुईवर सोपवणे हा मला फुक्याचाच नवा अवतार वाटतो.