सुरुवात कोणत्या डिस्कवरून?

संगणकाचे बटण दाबले की यंत्रापुढे पहिला प्रश्न असतो तो ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवरून उचलायची हा. या प्रश्नाचे उत्तर यंत्रात कुठे लिहिलेले असते, ती जागा गेल्या चाळीसेक वर्षांत तीन-चारदा बदलली. एकाच जुन्या संगणकावर दोन सिस्टिम असतील आणि भलतीच सुरू होत असेल, तर आधी यंत्राचे वय काढावे. दोष कुठे शोधायचा ते त्यावरून निम्मे कळते.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. त्याचा बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, आधी फ्लॉपी चाचपून पाही. १९८३ च्या एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि डॉस २.० सोबत डिस्कचे भाग पाडण्याची सोयही. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार भागांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन ओळखखुणेला, अशी वाटणी ठरली. ज्या भागावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी खूण, तिथून संगणक सुरू होई. पण फ्लॉपीचा मान पहिलाच राहिला. खाचेत विसरलेल्या फ्लॉपीमुळे संगणक ‘बिघडल्या’ची तक्रार नव्वदच्या दशकभर ऐकू येत होती. फ्लॉपी काढून कळ दाबली की दुरुस्ती संपली.

१९८४ च्या एटीपासून घड्याळ आणि यंत्राची मांडणी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्मृतीत राहू लागली. पुढे कोणती डिस्क आधी पाहायची तो क्रमही तिथेच गेला आणि बॅटरीच्या जागी नाण्यासारखा सेल आला. वीज जोडलेली असताना या सेलवर भार जवळजवळ नसतो. वीज गेली की घड्याळ त्याच्यावर चालते. कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावात, जिथे २००० नंतरच्या दशकात लोडशेडिंग रोजचे होते, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरे. सेल संपल्याची खूण सोपी असते : तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि डिस्कचा क्रम कारखान्यातला होतो. नवा सेल घालावा, सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून सेटअपमध्ये शिरावे, तारीख आणि क्रम पुन्हा भरावा.

इथे एक फसवी जागा आहे. सेल संपला की साटा डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची, आयडीई किंवा एएचसीआय, ही निवडही मूळपदावर जाते. आयडीई धरून टाकलेल्या विंडोज एक्सपीला एएचसीआय समोर आले की निळा पडदा येतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर डिस्क ‘फॉरमॅट मारली’ जाते. काही शेकड्यांत भागणाऱ्या कामासाठी वर्षांचे दस्तऐवज घालवण्याची ही रीत कारागिरी म्हणण्याच्या लायकीची नाही.

दोन सिस्टिम ठेवण्याला मराठीत लिपीचेही कारण होते. विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी नीट दाखवता येत नसे. छपाईची मराठी कामे त्या काळी स्वतःची वेगळी संकेतप्रणाली वापरणाऱ्या फॉन्टवर चालत. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्टही. जुनी कामे उघडायला ९८ आणि नव्यासाठी २०००, असे दोन्ही एका डिस्कवर ठेवता येत होते. ९८ आधी टाकायचे, मग २०००; उलट केले की नव्या सिस्टिमची सुरुवात करणारा भाग पुसला जाई. निवडीची यादी बूट.आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असे. ती कोणती डिस्क, कितवा भाग ते आकड्यांनी सांगे. म्हणून जास्तीची डिस्क जोडली किंवा मास्टर-स्लेव्हचा जंपर हलवला की आकडे चुकत आणि यादी दिसूनही सिस्टिम उघडत नसे.

लिनक्सबरोबरही क्रमाचा तोच नियम : विंडोज आधी, लिनक्स नंतर. १९९५ मध्ये सुरू झालेला ग्रब डिस्कच्या आरंभी बसतो आणि दोन्ही सिस्टिमची यादी दाखवतो. नंतर विंडोज पुन्हा टाकले की ते आरंभीची जागा न विचारता घेते आणि लिनक्स ‘गायब’ होते. प्रत्यक्षात फाइली जागेवरच असतात. लिनक्सच्या सीडीवरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवणे पुरते.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत बायोसची जागा घेणारे यूईएफआय सर्वसामान्य संगणकांत पसरले. त्यात सिस्टिमची नावे मदरबोर्डच्या कायमच्या स्मृतीत नोंदवली जातात, म्हणून सेल संपला तरी ही यादी बहुधा टिकते. मात्र एक सिस्टिम जुन्या बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने टाकली असेल, तर एकाच यादीत दोन्ही येत नाहीत. दर वेळी सेटअप बदलावा लागतो. त्यामुळे दुसरी सिस्टिम पहिलीच्याच पद्धतीने टाकणे बरे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि विंडोज ११ ला न चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर शेजारी लिनक्स टाकण्याचे कारण पुन्हा तयार झाले. अशा बहुतेक मदरबोर्डवर सेल तोच आहे, सीआर २०३२ : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि ही मापे त्याच्या नावातच लिहिलेली.